तळे खुले आहे, पाणी कोण पिणार?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागद झाला, सही-शिक्का झाला. पण पुढची तीन वर्षे अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर पाणी पिऊ शकला नाही. तळे खऱ्या अर्थाने खुले झाले ते २० मार्च १९२७ रोजी. त्या दिवशी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः तळ्यावर गेले, त्यांनी ओंजळ भरली आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसे पाण्यात उतरली. ठरावाने हक्क मिळतो, पाणी मात्र जाऊन प्यावे लागते.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण म्हणजे दुसरेच एक तळे. ते प्रत्येकाच्या खिशात आहे. आमच्या श्रीपूरची ओळख साखर कारखान्याची. इथल्या कारखान्याच्या वसाहतीत, महाळुंगच्या वस्तीत, एवढेच काय, हंगामात उसाच्या फडाशेजारी पडलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोपीतही मोबाइल आहे. त्या मोबाइलच्या आत इंटरनेट नावाचे जगातले सर्वांत मोठे ग्रंथालय आहे. दारावर जात विचारणारा कोणी नाही, फी मागणारा कोणी नाही. तरीही आमची तरुण पोरे त्या तळ्याच्या काठावर बसून रील पाहतात आणि तहानलेलीच घरी जातात. दोष केवळ पोरांचा नाही. तळ्यात काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. म्हणून आम्ही या तळ्यात जे पाहिले, त्यातील काही गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट बाबासाहेबांच्या ग्रंथांची. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध करायला सुरुवात केली. वसंत मून यांनी या कामासाठी आयुष्य वेचले. हे खंड मिळवायचे तर दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीवर रांगेत उभे राहावे लागते, आणि आपला नंबर येईपर्यंत हवा तो खंड संपलेला असतो. छपाईचे काम इतके रखडले, की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण हेच इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्या विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, त्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी 'जातिनिर्मूलन' हा संपूर्ण ग्रंथ टिपांसह इंटरनेटवर ठेवला आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने संमेलन रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी हे भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या फक्त १५००. आज त्याची प्रत कोणालाही, कुठेही, कितीही वेळा मिळू शकते. त्याच ठिकाणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथनही आहे. मसूर स्टेशनावर उतरलेली लहान मुले आणि त्यांना गाडीत घ्यायला तयार नसलेले गाडीवान, ही कथा आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातली आहे. ती न्यूयॉर्कमधले विद्यार्थी वाचतात, माळशिरस तालुक्यातला विद्यार्थी वाचत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या व्यवसायातली. 'इंडियन कानून' हे निकाल शोधण्याचे संकेतस्थळ सुशांत सिन्हा या तरुणाने जानेवारी २००८ मध्ये सुरू केले. त्याआधी एखादा निकाल शोधायचा, तर तालुक्याच्या वकिलाला जिल्ह्याच्या बाररूममधील जाडजूड अहवालांची कपाटे उघडावी लागत. ज्याच्या घरात पिढीजात वकिली, त्याच्या घरात पुस्तके. आमच्या पिढीतल्या पहिल्या वकिलांकडे कोट होता, कपाट नव्हते. आता तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या नव्या वकिलाच्या हातातही ते कपाट आले. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपले अधिकृत निकालही मोफत खुले केले असून निवडक निकालांचे मराठी अनुवादही मिळू लागले आहेत.

आमच्या तरुण वकिलांना आम्ही सांगतो, या संकेतस्थळावर सर्वांत आधी 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' हा १७ मार्च १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल उघडा. हाच तो चवदार तळ्याचा खटला. तळे आमचे खासगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने ठरवले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कागदोपत्री लढाई झाली. ती भाषणाने जिंकली गेली नाही, ती पुराव्याने जिंकली गेली. महाडवर गाणी म्हणणारे आपण लाखो आहोत. पण तो निकाल वाचलेले किती आहेत?

तिसरी गोष्ट संविधान सभेच्या चर्चांची. त्या संपूर्ण छापल्या आहेत आणि इंटरनेटवर तारीखवार मिळतात. त्यांची आज नितांत गरज आहे. कारण अलीकडे एक टूम निघाली आहे. संविधान बाबासाहेबांनी लिहिलेच नाही, ते बी. एन. राव यांनी लिहिले, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. आपली पोरे उत्तर म्हणून शिव्या देतात किंवा दुसरा तितकाच बनावट संदेश पाठवतात. अरे, शिव्या कशाला देता? ५ नोव्हेंबर १९४८ ची चर्चा उघडा. मसुदा समितीचेच एक सदस्य टी. टी. कृष्णमाचारी सभागृहाला सांगत आहेत, की सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचा मृत्यू झाला, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभारात गुंतले होते, एक-दोघे दिल्लीपासून दूर होते. अखेर मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवरच पडला. नंतर २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे भाषण उघडा. त्यात बाबासाहेब स्वतःच बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना मनमोकळे श्रेय देतात. मसुदा समिती १४१ दिवस बसली, सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या, हा हिशेबही त्याच भाषणात आहे. ज्या माणसाने सहकाऱ्यांचे श्रेय भर सभागृहात नोंदवले, त्याचे श्रेय काढून घेणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर कोणते? ही दोन पाने ज्याच्यापाशी आहेत, त्याला आवाज चढवण्याची गरज पडत नाही.

चौथी गोष्ट चित्रांची आहे. संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पानन् पान पाहता येते. इंग्रजी मजकूर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या सुंदर अक्षरात, हिंदी प्रतीचे अक्षर वसंत कृष्ण वैद्य यांचे, आणि सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यांची. पाने चाळताना डोळे निवतात. संविधानाचे २२ भाग, आणि प्रत्येक भागाच्या माथ्यावर एक चित्र. पाचव्या भागावर तथागत बुद्धांच्या जीवनातील प्रसंग आहे, सातव्या भागावर सम्राट अशोकाचा धम्मप्रसार आहे, पंधराव्यावर छत्रपती शिवाजी महाराज व गुरू गोविंदसिंग आहेत, सोळाव्यावर टिपू सुलतान आणि झाशीची राणी आहे. हे सारे पाहून अभिमान वाटतो. पण आम्ही दुसऱ्यांदा पाने चाळली, तेव्हा कबीर शोधला, रविदास शोधले, चोखोबा शोधला, महात्मा फुले शोधले. २२ चित्रांच्या विषयांत यांपैकी एकही नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ ज्या तिसऱ्या भागात आहे, त्या भागाच्या माथ्यावर रामायणातील प्रसंग आहे. आम्ही कलाकारांवर आरोप करत नाही. देशाचा इतिहास चितारायला बसलेल्या सज्जन, गुणी माणसांच्या डोळ्यांपुढेही कोण येते आणि कोण येत नाही, एवढेच आम्ही दाखवतो. मजकुरात आम्ही आलो, चित्रात यायचे राहिलो. मूळ पान स्वतः पाहिले म्हणून हे कळले. कोणाच्या भाषणातून कळले नसते.

पाचवी गोष्ट आपल्या सोलापूर जिल्ह्याची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्यावरील विसावा खंड १८८४ साली छापला गेला. तोही आज इंटरनेटवर आहे. त्यात आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसांची जातवार वर्णने आहेत: घर कसे, अन्न काय, पेहराव कोणता, लग्न कसे लागते, प्रेत कुठे नेतात. साहेबाच्या चष्म्यातून आणि साहेबाला माहिती पुरवणाऱ्या कारकुनाच्या तोंडून आपले पूर्वज तिथे दिसतात, स्वतःच्या तोंडाने बोलताना मात्र दिसत नाहीत. वाचताना संताप येतो. तरी वाचलेच पाहिजे, कारण आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे हे ज्याला माहीत नाही, तो ते खोडून तरी कसे काढणार?

सहावी गोष्ट सर्वांत कोरडी आणि सर्वांत मोलाची आहे. ती आहे सातबारा आणि फेरफार. महार वतनाचा जाच कमी व्हावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा आला. त्याच्या कलम ५ प्रमाणे वतनाची जमीन वतनदाराला पुन्हा मिळाली, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नाही, अशी अट घातली गेली. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' हे शब्द दिसतात, ते असे. पण कारखाने आले, कालव्याचे पाणी आले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि अंगठ्याच्या ठशावर किती एकर कोणाकडे गेले, याची दाद ना फिर्याद. हे केवळ जुने दुखणे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा अनेकांनी 'महार वतन' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आज सातबारा घरबसल्या पाहता येतो. काही जिल्ह्यांतील जुने फेरफारही महसूल खात्याने स्कॅन करून ठेवले आहेत. ज्यांच्या आजोबांच्या नावे वतन होते, त्यांनी गट नंबर टाकून पाहावे. एक जुना फेरफार दहा मोर्च्यांना भारी पडू शकतो. जातपडताळणीचेही तसेच. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या घरी कागद नाही, त्याने शाळेच्या आणि महसुलाच्या जुन्या नोंदींचाच माग काढला पाहिजे.

मग अडते कुठे? इथे काही जण म्हणतील, सगळे खुले आहे, तुमचेच लोक आळशी. हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. महाडचे तळेही कागदावर खुलेच होते. या नव्या तळ्याच्या काठावरही पहारे आहेत. ते लाठी घेऊन उभे नाहीत, एवढाच फरक.

पहिला पहारा भाषेचा. वर सांगितलेले बहुतेक सारे इंग्रजीत आहे. यात कायद्याची एक गंमत आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ सालचे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून साऱ्या जगाचे झाले. पण अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. परिणामी इंग्रजी मूळ मोकळे आणि अलीकडचा मराठी अनुवाद कुलपात! जो इंग्रजी शिकला त्याला फुकट, आणि जो मराठी शाळेत शिकला त्याने विकत घ्यावे, असा हा उफराटा न्याय आहे.

दुसरा पहारा लिपीचा. संगणकावर मराठी आली तेव्हा छापखान्यांनी श्रीलिपी, कृतिदेव असे आपापले फॉन्ट वापरले. त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की 'जयभीम'चे भलतेच काहीतरी होते, आणि शोधयंत्राला तर त्यातले अक्षरही कळत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या चळवळीची कितीतरी मासिके, स्मरणिका, विशेषांक त्या जुन्या फॉन्टांत अडकून पडले. जे स्कॅन झाले, तेही पानाचे नुसते छायाचित्र. त्यात शब्द शोधता येत नाही. शोधता न येणारा ग्रंथ म्हणजे कपाटात उलटा ठेवलेला ग्रंथ. कणा भिंतीकडे, नाव दिसत नाही.

तिसरा पहारा खोटेपणाचा, आणि तो सर्वांत घातक. बाबासाहेबांच्या फोटोखाली कोणीही काहीही वाक्य टाकतो आणि आपण हात जोडून पुढे पाठवतो. आता यंत्र स्वतःच लिहू लागले आहे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलर दंड केला. कारण त्यांनी चॅटजीपीटीला विचारून जे निकाल न्यायालयात सादर केले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते. शिकलेल्या वकिलांची ही गत, तर गावातल्या पोराचे काय? ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. फॉरवर्ड आले म्हणून मानू नका, एवढेच त्यात आज जोडायचे आहे.

उपाय अवघड नाहीत. वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन चालतेच. त्याला जोडून आठवड्यातून एक तास मोबाइलवर मूळ कागद वाचण्याचा ठेवावा. इंग्रजी येणाऱ्याने वाचावे, इतरांना मराठीत सांगावे, आणि जे सांगितले ते लिहून ठेवावे. त्यातूनच उद्याचे मोकळे मराठी अनुवाद उभे राहतील. प्रत्येक विहाराने, प्रत्येक मंडळाने एक नियम करावा: खंड आणि पान सांगितल्याशिवाय बाबासाहेबांचे एकही वाक्य फलकावर लावायचे नाही. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात एक प्रिंटर येतो. तो विहारात बसवावा आणि महिन्यातून एकदा सातबारा-फेरफार तपासण्याचे शिबिर घ्यावे. तालुक्यातल्या आंबेडकरी वकिलांनी तिथे फुकट बसावे, आम्ही बसायला तयार आहोत.

आणि केवळ पिऊन चालणार नाही, तळ्यात भरही घालावी लागेल. जलशांच्या वह्या, समता सैनिक दलाचे जुने फोटो, धम्मदीक्षेच्या काळातील पत्रके, गावच्या परिषदांच्या निमंत्रणपत्रिका ट्रंकेत वाळवी खात पडल्या आहेत. मालकाची परवानगी घेऊन मोबाइलने त्यांचे नीट फोटो काढा, तारीख व गाव लिहा, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि सर्वांसाठी खुला करा. १८८४ च्या गॅझेटियरला दिलेले ते आपले उत्तर असेल. शासनाकडेही आमची स्पष्ट मागणी आहे: बाबासाहेबांच्या मराठी भाषणांचे खंड, 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक शोधता येतील अशा युनिकोड मजकुरात एका ठिकाणी ठेवा, आणि शासनाच्या पैशाने झालेले अनुवाद जनतेला मोकळे करा. जनतेच्या पैशाने बांधलेला पाणवठा जनतेला खुला असावा, एवढेच १९२३ च्या ठरावाचे म्हणणे होते. आमचेही तेवढेच आहे.

शासन करील तेव्हा करील. तोपर्यंत या पौर्णिमेला विहारात जमलेल्यांपैकी एकाने मोबाइल उघडावा, १७ मार्च १९३७ चा निकाल शोधावा आणि पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून मराठीत सांगावा.

जयभीम!